चोखोबांची भिंत आणि आजची मजुरी

माउली, पंढरीच्या महाद्वारी नामदेव पायरीचे दर्शन घेतले की आपण चोखोबांच्या समाधीपुढे डोके टेकवतो. चोखोबांचा देह कसा पडला, हे त्या वेळी आठवावे. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्यात ते गावकुसाच्या कामावर राबत होते. शके 1260, म्हणजे इ.स. 1338 मध्ये ती भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. त्यांच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, म्हणून नामदेवरायांनी त्या ओळखल्या, असे परंपरा सांगते. ते काम वेठीचे होते, असेही ती सांगते.

वेठ म्हणजे नाही म्हणता येत नाही असे काम. काळ पालटला. सोलापुरात गिरण्या आल्या, घरोघरी विड्या वळल्या जाऊ लागल्या. पान कापायचे, तंबाखू भरायची, दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजार विड्यांमागे. नापास ठरलेल्या विडीचे कष्ट मात्र वाया.

हा दर कोणी ठरवावा? बाजार म्हणतो, दोघांना पटेल तो दर खरा. पण ज्या घरी संध्याकाळची चूल अडली आहे, त्या माउलीला 'परवडत नाही, उद्या बघू' असे म्हणता येते का? मालकाला थांबता येते, तिला नाही. म्हणूनच 1948 च्या किमान वेतन कायद्याने पहिल्याच यादीत विडीकाम घेतले.

1982 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. दिल्लीत एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायालय म्हणाले की भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणे म्हणजे घटनेच्या कलम 23 ने बंद केलेली वेठच होय. चोखोबांच्या भिंतीचे नाव न घेता न्यायालय त्या भिंतीपाशीच येऊन थांबले.

मालकाचीही बाजू आहे. दर वाढला तर धंदा दुसरीकडे जातो, हे खोटे नाही. केरळात कण्णूरला 1968 मध्ये नवा विडी कायदा लागू होताच मोठ्या मालकाने काम बंद केले आणि हजारो हात रिकामे झाले. पुढच्याच वर्षी त्या कामगारांनी दिनेश बिडी ही स्वतःची सहकारी संस्था उभारली. न्यायाला किंमत मोजावी लागते, पण वाटही निघते.

तेव्हा बाजाराने भाव जरूर करावा, पण पोटाच्या रेषेच्या वर. त्या रेषेखाली भाव नसतो, वेठ असते.

माउली, आपल्याही शेतात खुरपणीला कोणी येते, घरी धुणीभांडी कोणी करते. तिचा दर आपण गावात चालतो म्हणून देतो, की तिचे घर चालेल म्हणून? वारीत जिच्या पाया पडतो, तिला घरी परतल्यावर मजुरी देताना हा प्रश्न स्वतःला विचारू या.

रामकृष्ण हरी.