१८३२ चा हरताळ आणि मुक्या जिवांचा कैवार

प्राणिहक्कांची चळवळ आपल्याकडे पश्चिमेकडून आली, असा समज सुशिक्षितांत रुजला आहे. मुंबईचा १८३२ सालचा इतिहास या समजाला छेद देतो.

भटकी कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा नियम तेव्हा जुनाच होता. कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळे. त्या लोभाने शिपाई घरांच्या आवारातही शिरू लागले. ६ जून हा पारशांचा पवित्र दिवस. त्या दिवशी कोट भागात कुत्री मारली गेली आणि जमाव शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजारपेठ बंद. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसदही अडवली गेली. पारशांच्या जोडीला जैन, हिंदू आणि मुसलमानही होते. अखेर लष्कर आले, धरपकड झाली.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स जॅस्पर यांनी प्राणिहक्क चळवळीच्या अभ्यासात ‘नैतिक धक्का’ ही कल्पना वापरली: क्रूरता पाहून हादरलेला माणूस, कुणाची ओळख नसतानाही चळवळीत येतो. ६ जूनचा उद्रेक या कल्पनेने उलगडतो. ७ जूनचा हरताळ मात्र नुसत्या संतापाने उलगडत नाही. चार्ल्स टिली दाखवतात की लोक निषेधाच्या ओळखीच्या रीतीच पुन्हा वापरतात. दुकाने बंद ठेवणे ही व्यापाऱ्यांची जुनीच रीत होती, आणि त्यामागे पेढ्यांचे, पंचायतींचे नातेसंबंध होते.

पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवण्याची मुभा मिळाली. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर पट्टी बसवून तिचा खर्च चालवला. ती संस्था आजही आहे.

या कथेत एक उणीव आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या भीतीने जगणाऱ्या गरिबाचा आवाज तिच्यात फारसा ऐकू येत नाही.

आज छत्रपती संभाजीनगरच्या गल्लीत रात्री भाताचे पातेले घेऊन फिरणारी मुलगी आणि कुत्रा चावलेल्या लेकराची आई समोरासमोर येतात, तेव्हा तीच उणीव पुन्हा जाणवते. २०२३ चे नियम निर्बीजीकरण आणि रेबीजची लस सांगतात. दोघींचेही हित त्यातच आहे. मोबाइलवरची क्रूर चित्रफीत पाहून शंभर माणसे संध्याकाळपुरती जमतात. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला कोण सांभाळणार, खर्च कोण उचलणार, हे विचारले की मोजकीच उरतात. चळवळ त्या मोजक्यांच्या हिशेबाच्या वहीतून पुढे जाते.