खिडकीएवढी जमीन

चार फळ्या, मूठभर स्क्रू आणि तळाला पाणी निघायला भोकं. खिडकीत रोपं लावायची लाकडी पेटी एका रविवारात घरी तयार होते. पण ती जिथे ठेवायची, ती खिडकी उघडी ठेवणं परवडतं का, हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे.

पहिल्या शतकातल्या रोममध्ये बहुतेक माणसं भाड्याच्या बहुमजली इमारतींत राहत. ऑगस्टसने रस्त्यालगतच्या नव्या इमारतींना ७० फुटांची मर्यादा घातली, इतक्या त्या उंच चढत होत्या. अंगण नाही, परस नाही. थोरला प्लिनी सांगतो, की शहरातली साधी माणसं पूर्वी खिडक्यांत बाग करून डोळ्यांना रोज शिवार दाखवत. पुढे चोऱ्या-दरोडे इतके माजले, की खिडक्या बंद कराव्या लागल्या. तरी बागा पुरत्या संपल्या नसाव्यात. प्लिनीनंतर सुमारे वीस वर्षांनी कवी मार्शलला भेट मिळालेल्या इवल्याशा शेताची टिंगल करायची होती, तेव्हा त्याने माप म्हणून खिडकीतली बागच घेतली.

इंग्लंडमध्ये खिडकीचा शत्रू चोर नव्हता, सरकार होतं. १६९६ ते १८५१ पर्यंत तिथे घराच्या खिडक्या मोजून कर घेत, आणि तो वाचवायला घरमालक त्या विटांनी बुजवत. कर गेल्यानंतर, १८६४ साली, सॅम्युएल हॅडन पार्क्स या पाद्र्याचं लंडनच्या गरिबांसाठीच्या खिडकी-बागांवरचं पुस्तक आलं. त्याच्या शीर्षकातच बागांच्या जोडीला स्वच्छ, नीटनेटक्या खोल्या आहेत. रोपाबरोबर शिस्तही दिली जात होती. रोमच्या भाडेकरूला बाग करायला असा कुणाचा उपदेश लागला नव्हता.

मुंबईत गोष्ट उलटी झाली. रोममध्ये चोरांच्या भीतीने बाग गेली. इथे त्याच भीतीने खिडकीबाहेर लोखंडी ग्रिल आली आणि तिच्यातच तुळस, ओवा, कोरफड येऊन बसली. जमीन नसलेल्याने जाळीतून दीड फूट जमीन काढली.

मात्र या जमिनीला वजन आहे. ९० सेंटिमीटर लांब, २० रुंद, २० खोल पेटीत ३६ लिटर माती मावते. पाणी घातल्यावर ती ५० किलोच्या पुढे जाते. काही स्क्रूंवर लटकलेल्या, पावसात गंजणाऱ्या ग्रिलवर हा भार, आणि खाली रस्ता. आग लागली तर बाहेर पडायची वाटही तीच. ६० बाय १५ बाय १५ची पेटी केली, तर माती साडेतेरा लिटर, वजन साधारण २० किलो. ती आतल्या कट्ट्यावर राहते आणि वेळ पडली तर एकट्याला उचलून बाजूला ठेवता येते. कोथिंबीर, मेथी, मिरचीचं एखादं रोप, एवढं तिच्यात होतं.