जुळणीचें वाद्य

परदेशीं घडविलेले सुटे भाग विकत आणून घरीं जुळविलेलें वाद्य आपलें म्हणावें काय, हा प्रश्न विजेच्या गिटारचा संच मागविणाऱ्या हौशी तरुणांमुळें आज नव्यानें विचारला जातो. मालवणच्या किनाऱ्यावर तो मुळींच नवा नाहीं. बाजाच्या पेटीनें त्याचें उत्तर पूर्वींच देऊन ठेविलें आहे, असें आम्हांस वाटतें.

हार्मोनियम या नांवाचें पेटंट पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यानें १८४२ सालीं घेतलें. पुढें कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास पायाचा भाता काढून मागील बाजूस हाताचा भाता बसविला, आणि जमिनीवर बसून गाणाऱ्या आमच्या गवयापुढें तें वाद्य ठेवतां येऊं लागलें. सांगाडा येथल्या सुतारानें करावा, परंतु आंतले पितळी सूर पॅरिसहून किंवा जर्मनींतून यावे, असा क्रम पुष्कळ वर्षें चालला. म्हणजे आमची पेटीहि मुळांत जुळणीचेंच वाद्य होय. पण आलेला सूर तसाच बसवून भागत नसे. त्याच्या पितळी जिभेचें टोंक किंचित् घासलें असतां सूर चढतो, मुळाशीं घासलें असतां उतरतो. हें घासणें कोठें थांबवावयाचें तें कारागिराचा कान ठरवी.

या वाद्यावर विद्वानांचा रोष कमी नव्हता. त्यावर मींड निघत नाहीं, त्याचे स्वर आमच्या श्रुतींशीं जुळत नाहींत, हे आक्षेप खरेच होते. त्यांमुळें आकाशवाणीनें १९४० च्या मार्चपासून पेटीस बंदी केली; ती १९७१ सालीं कांहींशी सैल झाली. परंतु कोंकणांत दशावताराच्या पखवाजा-झांजांशेजारची आणि भजनीबुवांच्या हाताखालची पेटी त्या निवाड्यानें उठली नाहीं.

विजेच्या गिटारची हकीकत याहून फारशी निराळी नाहीं. अमेरिकेंतील लिओ फेंडर यानें १९५० सालीं विक्रीस आणलेल्या गिटारांत पोकळ पेटारा नव्हता. भरीव फळीला मान चार स्क्रूंनीं जोडलेली होती. भाग निरनिराळे घडवून मागाहून जोडावयाचे, या युक्तीवरच आजचे संच उभे आहेत. पोलादी तार कांपली कीं तिच्याखालच्या लोहचुंबकाभोंवतीं गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेंत वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेला नियम तो हाच. इतकें सारें तयार मिळालें तरी घोडी बसविण्याचें काम उरतेंच. तारेची लांबी साडेपंचवीस इंच धरली, तर बारावा पडदा पावणेतेरा इंचांवर येतो, आणि तेथें मोकळ्या तारेचा वरचा षड्ज निघाला पाहिजे. तार दाबल्यानें ती ताणली जाऊन सूर जरा चढतो, म्हणून घोडी केंसभर मागें सारावी लागते. किती, हें शेवटीं कानच सांगतो.

फळीस झिलई देण्याचें काम तर याच मुलखाच्या ओळखीचें आहे. सावंतवाडीच्या लांकडी खेळण्यांवर व गंजिफांवर चकाकते ती लाखच. तीच स्पिरिटांत विरघळवून फडक्याच्या बोळ्यानें पातळ पातळ हात देत गेलें असतां लांकडाचे रेषे उजळून दिसतात. मात्र दमट हवेंत लाख पांढुरकी पडते. म्हणून या किनाऱ्यावर मृगापासून हस्तापर्यंत धीर धरावा आणि दिवाळी झाल्यावर कामास लागावें.

पेटीस परकी ठरविणाऱ्यांनीं तिच्या उणिवा अचूक मोजल्या. तिचे सूर घासून जुळविणारे, तिच्यावर रात्र-रात्र भजन उभें करणारे हात मात्र त्यांच्या हिशेबांत आले नाहींत. गिटारच्या संचाविषयीं मत देण्यापूर्वीं तो हिशेब आधीं मांडावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.