संमती म्हणजे काय? मोबाईलच्या परमिशनवरून समजून घेऊया

नवीन अ‍ॅप उघडलं की ते कॅमेऱ्याची परमिशन मागतं. अँड्रॉइड ११ पासून ती फक्त त्या वेळेपुरतीही देता येते. मी अ‍ॅप बनवतो, त्यामुळे तीन नियम पाठ झालेत:

१. कॅमेऱ्याची परवानगी म्हणजे लोकेशनची परवानगी नव्हे.
२. आज दिलेली परवानगी उद्या काढून घेता येते.
३. युजरने काहीच दाबलं नाही, तर ते ‘हो’ धरायचं नाही.

माणसांची संमतीही अशीच असते. पण आम्हाला शाळेत कॉम्प्युटर शिकवला, हे कुणी शिकवलं नाही.

इंजिनिअरिंगला असताना आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर एका मुलीचा खासगी फोटो आला. तिने तो फक्त बॉयफ्रेंडला पाठवला होता. “तिनेच पाठवला ना,” असं सगळे म्हणाले. मी फॉरवर्ड केला नाही, पण पाहिला आणि गप्प बसलो. पुढच्या सेमिस्टरला ती कॉलेजात दिसली नाही.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्पष्ट आहे. स्त्रीने खासगी क्षणाचा फोटो काढू दिला, पण इतरांना दाखवायला संमती दिली नाही, तर तो पसरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षं कैद आणि दंड होतो. व्यक्ती १८ वर्षांखालची असेल, तर तिने ‘हो’ म्हटलं होतं ही सबब चालत नाही. असा अश्लील फोटो डाउनलोड करणंही गुन्हा आहे.

तुमचा फोटो पसरला तर?

लिंक, तारीख, पाठवणाऱ्याचा नंबर जपून ठेवा. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. फोटोत तुम्ही १८ किंवा जास्त वयाचे असाल तर ‘स्टॉप एनसीआयआय’, लहान असाल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा हॅश, म्हणजे आकडे-अक्षरांचा ठसा, तेवढा जातो. सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तो फोटो ओळखून काढू शकतात.

अ‍ॅपची परमिशन सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. शंभर फोनवर गेलेला फोटो तसा परत येत नाही. म्हणून आज ग्रुपवर असं काही आलं, तर मी गप्प बसणार नाही. एवढंच विचारेन, “तिला विचारलं होतं का?”