माजघरातले दुःख, परदेशातले वाचक

पंडिता रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले, ते बालविधवांसाठी शाळा काढायला पैसा उभा राहावा म्हणून. रमाबाईंची स्वतःची कहाणी त्यात प्रस्तावनाकार रेचेल बॉडली सांगतात. रमाबाई बोलतात त्या इतरांविषयी, बालपण, विवाह, वैधव्य या क्रमाने, आणि अखेरीस उघडउघड मदत मागतात. सदाशिव पेठेसारख्या ब्राह्मणवस्तीच्या माजघरांतले दुःख असे अमेरिकन वाचकांपुढे गेले. ज्यांचे ते दुःख, त्यांना ते इंग्रजी वाचता येणे दुरापास्तच. हे टोचते खरे; पण कर्मठ पुण्याकडून पैशाची अपेक्षा कोण करणार होते?

बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांचा खर्च पत्करला. मार्च १८८९मध्ये मुंबईत 'शारदा सदन' निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. धर्मांतराच्या संशयावरून 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. याच सदनात शिकलेल्या गोदूबाई १८९३मध्ये पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांचे 'माझे पुराण' १९४४ साली आले, मराठीत.