उंढेऱ्याचा तक्ता

संभाव्यतेचा पाठ नाणे आणि फासे यांपासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. चार चौकटींच्या साध्या तक्त्यावर माणसांच्या जिवाचा निवाडा कसा होतो, हे सांगणारे एक उदाहरण आपण पाहू.

१८९६ साली मुंबईत प्लेग पसरला. वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. टोचलेल्यांत रोग कमी आढळला. पण आपणहून पुढे येणारे मुळातच धडधाकट असतील, तर श्रेय लसीला कसे द्यायचे?

ही शंका फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी बरीचशी दूर झाली. तिथे प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली. घर, अन्न, पाणी एकच. फरक फक्त लसीचा. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, तिथली नोंद अशी :

| | आजारी | निरोगी | एकूण |
|---|---|---|---|
| टोचलेले | ८ | ६३ | ७१ |
| न टोचलेले | २७ | ३७ | ६४ |
| एकूण | ३५ | १०० | १३५ |

या १३५ जणांतून कोणतीही एक व्यक्ती निवडली, तर ती ‘टोचलेली आणि आजारी’ असण्याची संभाव्यता ८/१३५, म्हणजे सुमारे ०.०६. ‘टोचलेली किंवा आजारी’ असण्याची किती? ७१ आणि ३५ यांची बेरीज केली की दोन्हींत बसणारे ८ जण दोनदा मोजले जातात. ते एकदा वजा करावेत : ९८/१३५, सुमारे ०.७३.

परंतु लसीबद्दलचा प्रश्न यांपैकी एकही नाही. टोचलेल्यांपैकी आजारी किती, हे विचारायचे असेल तर छेद १३५ नव्हे, ७१ घ्यायला हवा. ८/७१ म्हणजे सुमारे ०.११, न टोचलेल्यांत २७/६४, सुमारे ०.४२. लस आणि आजार या घटना स्वतंत्र असत्या, तर टोचलेल्यांत ७१ × ३५/१३५, म्हणजे सुमारे १८ आजारी अपेक्षित होते. आढळले ८. मृत्यूंचा फरक याहून मोठा : टोचलेल्यांत ३, न टोचलेल्यांत २६.

विद्यार्थी हमखास चुकतात ते इथे : आजाऱ्यांपैकी टोचलेले ८/३५ आणि टोचलेल्यांपैकी आजारी ८/७१. अंश तोच, प्रश्न निराळे.

तक्ता सारेच सांगत नाही. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचल्यावर १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. लस गुणकारी असणे आणि प्रत्येक बाटली निर्जंतुक असणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शिक्षकांना असा तक्ता वर्गातच करता येईल. उत्तरेत प्रवरेचे कालवे, दक्षिणेत बरेचसे जिरायत. विद्यार्थ्यांनी आपापल्या शेताची नोंद ‘बागायत–जिरायत’ आणि ‘ऊस आहे–नाही’ अशा चार चौकटींत करावी. मग प्रत्येक प्रश्नाआधी एकच विचारावे : छेद कोणता?