आईची अशरफी

आठवीत इतिहासाच्या सरांनी विचारलं होतं, "कोणाच्या घरी निजामाचं नाणं आहे?" आठवतंय ना मित्रांनो? दुसऱ्या दिवशी टेबलावर हाली पैशांचा ढीग पडला होता. मी मात्र हात वर केला नाही. आमच्याकडचं नाणं सोन्याचं होतं, आणि ते नुकतंच, 1972 च्या दुष्काळात, मोडलं होतं.

अशरफी म्हणत तिला. वजन तोळ्याला थोडं कमी, सुमारे 11 ग्रॅम. एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या कमानीत 'ऐन' हे अक्षर, म्हणजे उस्मान. वडील महबूब अली खान यांच्या नाण्यांवर तिथे 'मीम' असे. 1857 च्या उठावापर्यंत हैदराबादची नाणी दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत. बादशाही बुडाल्यावर आसफजाहचं नाव आलं. इंग्रजांनी पुढे अनेक संस्थानांच्या टांकसाळी बंद करवल्या, हैदराबादची मात्र चालू राहिली. (आपला नळदुर्ग जिल्हा तर 1853 ते 1860 इंग्रजांकडेच होता!)

राज्य दोन, तशी नाणीही दोन. इकडे हाली, आणि बार्शी-सोलापूरला कलदार. साधारण सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. अशरफीला असा बांधलेला भाव नव्हता. दरबारात नजर करताना एक अशरफी आणि चार रुपये देण्याची रीत होती. बाकी ठिकाणी ती सोन्याच्या भावाने जाई, हद्दीच्या अलीकडे काय नि पलीकडे काय. आजोबांनी आमची अशरफी कापसाच्या पैशांतून बार्शीला घेतली, असं आजी सांगायची. हाली चलन 1959 मध्ये रद्द झालं, तेव्हाही तिला धक्का लागला नाही.

आईने तिला कडी लावून काळ्या पोतीत ओवली होती. दुष्काळात विहीर आटली, वडील खडी फोडायला जाऊ लागले. सराफाने आधी कडी कापून बाजूला ठेवली, मग नाणं तोललं. चारमिनारचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. आलेल्या पैशांत ज्वारी आली आणि माझी फी भरली गेली. ढिगाकडे बघताना मला हे सरांना सांगायचं होतं. जमलं नाही.

कोणाच्या घरी अजून एखादी अशरफी असेल, तर मोडण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. हिजरी साल त्यावर असतं. आमच्या अशरफीवर कोणतं होतं, ते मी कधी पाहिलंच नाही.